‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असं पोलीस म्हणतात तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दिंडोरी तालुक्यात वडिलांनी बांधावरच व्यापाऱ्याला द्राक्षं दिली. 6 लाख 40 हजारांपैकी 1 लाख रोख मिळाले, उरलेल्यासाठी त्याने प्रत्येकी 2 लाख 70 हजारांचे दोन चेक दिले. पहिला चेक 12 दिवसांपूर्वी परत आला, दुसरा अजून तुमच्याकडे आहे. पोलीस ठाण्यात गेलात तर ‘हे दिवाणी मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं. मग दिवाणी आणि फौजदारी यात फरक तरी काय, आणि पोलीस म्हणतात ते खरं का?

फरक सांगतोच, पण त्याआधी एक घाईचं काम. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो ज्या दिवशी हातात पडला, तिथपासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. तुमचे 12 दिवस गेलेत. ठाण्याच्या खेपा घालण्यात उरलेले 18 दिवसही जातील आणि या चेकवरचा सगळ्यात सोपा खटला हातचा जाईल. त्याबद्दल खाली लिहितो.

आता फरक. दिवाणी दाव्यात भांडण तुमचं आणि त्याचं असतं: पैसे, जमीन, करार, वाटणी. कोर्टाकडे मागायचं ते ‘माझे पैसे व्याजासकट द्यायला लावा’ किंवा ‘याला माझ्या शेतात येण्यापासून मनाई करा’. फौजदारीत तक्रार तुमची असली तरी खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. चालवतो सरकारी वकील, आणि कागदावर तुम्ही फिर्यादी म्हणजे एक साक्षीदार. मागायची असते ती शिक्षा. म्हणूनच एकदा गुन्हा नोंदला की ‘मी केस मागे घेतो’ एवढं म्हणून तो मिटत नाही. काही गुन्ह्यांत तडजोड चालते, काहींत कोर्टाची परवानगी लागते (फसवणूक त्यातलीच), काहींत मुळीच चालत नाही.

पुराव्याचं मापही वेगळं. दिवाणीत पारडं ज्याच्या बाजूने झुकेल तो जिंकतो. फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये, उरली तर आरोपी सुटतो. त्यामुळे एकाच व्यवहारात माणूस फसवणुकीतून निर्दोष सुटतो आणि पैसे द्यायचा हुकूमनामा मात्र त्याच्यावर होतो. यात विसंगती काही नाही.

दोन्ही एकाच वेळी चालूही शकतात. शेजाऱ्याने बांध कोरला तर हद्दीचा आणि मनाई हुकमाचा दावा दिवाणी. त्याच सकाळी त्याने कुऱ्हाडीने हात फोडला तर तो भाग फौजदारी. प्रकरणं दोन, कोर्टं दोन, आणि एक चालू आहे म्हणून दुसरं आपोआप थांबत नाही.

तुमच्या प्रकरणात सगळं अडतं ते एका गोष्टीवर: लबाडीचा हेतू केव्हा होता? माल घेतानाच त्याच्या मनात पैसे बुडवायचे असतील आणि त्यासाठी त्याने खोटं सांगून तुम्हाला माल द्यायला लावला असेल, तर ती फसवणूक. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), शिक्षा 7 वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं 420 लागतं. पण माल घेताना तो सरळ होता, पुढे बाजार पडला, त्याचेही पैसे अडकले आणि म्हणून तो तुम्हाला देत नाही, तर तो थकबाकीदार आहे, गुन्हेगार नाही. कितीही राग आला तरी. नुसता शब्द मोडणं गुन्हा होत नाही, आणि नुसता चेक न वटणं म्हणजेही आपोआप फसवणूक नव्हे.

बरेच अर्ज ‘विश्वासघात केला’ म्हणून कलम 316 मागतात. उधारीच्या विक्रीत ते बहुधा बसत नाही. विश्वासघाताला वस्तू ‘सोपवलेली’ असावी लागते, म्हणजे मालकी तुमची आणि सांभाळ त्याचा. विक्रीत माल दिला की मालकी त्याची होते, तुमचं उरतं ते फक्त येणं. दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हेच सांगितलं. तिथे वाद घोड्यांच्या खुराकाच्या थकलेल्या बिलाचा होता. फसवणूक आणि विश्वासघात एकाच गोष्टीवर एकत्र लावता येत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. तरी ठाण्यांत दोन्ही कलमं जोडीने लावायची सवय काही जात नाही.

मग सुरुवातीचा हेतू दाखवायचा कशाने? नाव, फर्म किंवा पत्ता खोटा निघणं. चेक आधीच बंद झालेल्या खात्याचा असणं. शेवटची गाडी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप आणि फोन बंद. त्याच हंगामात, त्याच थापा मारून निफाड-दिंडोरीतल्या आणखी पाच-सात बागायतदारांचा माल उचललेला असणं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून आजूबाजूला चौकशी करा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र जबाब होऊ द्या. द्राक्ष व्यापाऱ्यांवर असे गुन्हे नाशिक जिल्ह्यात नोंदले गेलेत, 2020 मध्ये तर पोलिसांनी त्यासाठी खास मोहीम काढली होती. तेव्हा ‘द्राक्षाचे पैसे म्हणजे दिवाणीच’ हे सरसकट खरं नाही. उलट, हाच व्यापारी गेली तीन वर्षं वेळेवर पैसे देत आला असेल आणि यंदाच थकला असेल, तर पोलिसांचं म्हणणं बरोबर आहे असं मी म्हणेन.

अर्जात चुकतं ते बहुधा भाषेत. ‘व्यवहारातले पैसे देण्यास टाळाटाळ करत आहे’ असं लिहिलंत की दिवाणी असल्याचं तुम्हीच लिहून दिलंत. खुडणीच्या आधी तो काय बोलला, कोणत्या तारखेला, कोणासमोर; त्यातलं खोटं काय होतं आणि ते तुम्हाला केव्हा कळलं; खरं माहीत असतं तर माल दिला नसता, एवढं क्रमाने लिहा. वाढवून मात्र लिहू नका. ‘जीवे मारण्याची धमकी’ अर्जाला वजन यावं म्हणून घातली जाते आणि उलटतपासात तीच पूर्ण फिर्याद बुडवते.

अर्ज दिला की पोच घ्या. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे (सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल, 2013). मात्र व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशीची मुभा त्याच निकालात आहे, म्हणून पोलिसांनी दोन्ही बाजूंना बोलावलं तर लगेच संशय घेऊ नका. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज. दिंडोरी नाशिक ग्रामीणमध्ये येतं, हे लक्षात ठेवा. पंचवटी, सातपूर, अंबडसारखी शहरातली ठाणी पोलीस आयुक्तांकडे. तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. वरच्या दोन पायऱ्यांच्या पोचा जोडल्या नसतील तर हा अर्ज तिथेच अडतो.

गुन्हा नोंदला की दुसऱ्या दिवशी बेड्या, ही अपेक्षा सोडा. 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस बहुधा त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन आरोपीला बोलावतात. तपासानंतर कोर्टात दोषारोपपत्र जातं किंवा समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमच्यासारख्या प्रकरणांत ‘क’ समरीची शक्यता मोठी. तिची नोटीस फिर्यादीला येते. त्या तारखेला हजर राहून हरकत घेतली नाही तर फाइल तिथेच मिटते.

आणि पैसे? गावात म्हणतात तसे ते एफआयआरने ‘लगेच’ येत नाहीत. वसुली हे पोलिसांचं काम नाही. अटकेच्या भीतीने कोणी तडजोडीला येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. शिक्षा झाली तर कोर्ट भरपाई देऊ शकतं, तिथवर पोचायला मात्र वर्षं लागतात.

पैशासाठी दोन रस्ते, दोन्ही एकदम धरता येतात. पहिला चेकचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं (चेक-हुंड्यांचा कायदा) कलम 138. हा फौजदारी खटला, पण एफआयआरशिवाय थेट दंडाधिकाऱ्यांकडे चालतो, आणि इथे सुरुवातीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. सही खरी असली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करणं त्याच्यावर. मेमो 5 मार्चला मिळाला असेल तर नोटीस 4 एप्रिलपर्यंत निघाली पाहिजे. ती 10 एप्रिलला त्याला पोचली तर पैसे द्यायला 25 एप्रिलपर्यंत मुदत. ती संपायच्या आत तक्रार केली तर ती अकाली म्हणून जाते; 26 एप्रिलपासून महिनाभरात करायची, म्हणजे 25 मे धरून चाला. नोटिशीत चेकची रक्कम, 2 लाख 70 हजार, स्पष्ट मागा. एकूण 5 लाख 40 हजारांची मोघम मागणी केली की बचावाला आयता मुद्दा मिळतो. नोटीस स्पीड पोस्टाने (रजिस्ट्रेशनसह), बरोबर पत्त्यावर. त्याने घेतली नाही तरी बजावली असं धरता येतं. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरा चेक त्यावरच्या तारखेपासून 3 महिन्यांत भरा. मुदत उलटली तर तो कागदाचा तुकडा.

दुसरा रस्ता वसुलीचा दावा. मुदत 3 वर्षं, उधारीची तारीख ठरली असेल तर ती उलटल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. मधल्या काळात त्याने सही करून बाकी कबूल केली तर तिथून पुन्हा 3 वर्षं. चेक हातात असल्याने समरी दावा (झटपट निकालाचा, वरच्या पोलिसी समरीशी याचा संबंध नाही) लावता येतो: समन्सनंतर 10 दिवसांत त्याने हजर व्हायचं आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी मागायची. एक खाच आहे. मालविक्रीचा 3 लाख किंवा त्यावरचा वाद वाणिज्यिक ठरू शकतो, आणि मग तातडीचा आदेश मागत नसाल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा. तो न करता लावलेला दावा कोर्ट फेटाळतं, म्हणून वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा. तो मालमत्ता विकून पसार होतोय असं दिसत असेल तर निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज दाव्यासोबतच द्या. हुकूमनामा मिळूनही तो देत नसेल तर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज), त्याला मुदत 12 वर्षं. आधी त्याच्या नावावर काय आहे ते शोधा, सातबारे काढा. काहीच नसेल तर हुकूमनामा भिंतीवर लावायच्या लायकीचा.

वकिलाकडे जाताना दोन्ही चेक, बँकेचा मेमो, वजनाच्या पावत्या, गाडी नंबर, खुडणीच्या मजुरांची नावं आणि रोख 1 लाख कोणत्या दिवशी मिळाले ते न्या. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे तर त्याच्या नुसत्या प्रिंटवर भागत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका, रीसेटही करू नका.