प्रश्न तुमचे : काशगरच्या कॉन्सलचा जिल्हा

मध्य आशियातल्या काशगरला ब्रिटिशांचे कॉन्सुलेट, म्हणजे कॉन्सलची (परदेशात नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीची) कचेरी, होते, एवढा उल्लेख मागे या सदरात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. काशगर म्हणजे आजच्या चीनच्या शिनजियांग प्रांताचे नैर्ऋत्य टोक. पेकिंगहून (आजच्या बीजिंगहून) सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर, आणि गिलगिटपासून मात्र घोड्यावरून काही आठवड्यांच्या अंतरावर.

प्रश्न : कॉन्सलचा 'जिल्हा' म्हणजे आपल्या कलेक्टरच्या जिल्ह्यासारखाच का? मग चिनी अधिकारी काय करत?

नाव तेच, जात वेगळी. कलेक्टरच्या ताब्यात जमीन असते, कॉन्सलच्या ताब्यात फक्त माणसे. काशगर, यारकंद, खोतान या गावांत शेतसारा अंबान, म्हणजे चिनी जिल्हाधिकारी, घेई. पोलीस त्याचे, तुरुंगही त्याचाच. कॉन्सलचा अधिकार चाले तो ब्रिटिश प्रजाजन म्हणून नोंद असलेल्यांवर : सिंधमधल्या शिकारपूरचे सावकार, पंजाबातल्या होशियारपूरचे व्यापारी, काश्मिरी, लडाखी, बाल्टी, चित्राली. यारकंदच्या एकाच गल्लीत एक दुकान अंबानच्या कायद्याखाली आणि त्याला लागून असलेले कॉन्सलच्या, असा मामला. शिवाय कॉन्सलला धनी दोन. पेकिंगची ब्रिटिश वकिलात एक आणि हिंदुस्थान सरकार दुसरे. चीनमधल्या बाकीच्या कॉन्सलांना दिल्ली-सिमल्याकडे बघावे लागत नसे, काशगरला लागे.

प्रश्न : जॉर्ज मॅकार्टनी काशगरला १८९० पासून होते, पण कॉन्सल झाले १९०८ मध्ये, असे वाचले. काम तेच असेल तर हुद्द्याने काय फरक पडला?

पुष्कळ. मॅकार्टनी हे यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर दुभाषा म्हणून आले आणि १९१८ पर्यंत राहिले. कॉन्सल होईपर्यंत कागदावर ते 'काश्मीरच्या रेसिडेंटचे (संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीचे) चिनी कामकाजाचे खास सहायक' होते. श्रीनगरचा रेसिडेंट आपला सहायक चिनी मुलखात बसवतो, याला कोणत्याही कराराचा आधार नव्हता. म्हणजे चिनी बाजूने पाहिले तर हे गृहस्थ पाहुणे. रशियाला मात्र १८६० च्या पेकिंग करारानेच काशगरला कॉन्सुलेट ठेवण्याचा हक्क मिळाला होता. १८८२ पासून रशियन कॉन्सल पेत्रोव्स्की कोसॅक (रशियन घोडेस्वार) पहारा घेऊन तिथे बसले होते, ते १९०३ पर्यंत हलले नाहीत.

फरक कुठे पडतो ते पत्रव्यवहारात दिसते. १८५८ च्या तिएनत्सिन करारात कॉन्सलचा दर्जा ताओताईच्या, म्हणजे अनेक अंबानांवरच्या अधिकाऱ्याच्या, बरोबरीचा ठरला होता. बरोबरीच्या अधिकाऱ्यांतल्या पत्राचा चिनी मायना वेगळा, खालच्याने वरच्याला लिहायचा वेगळा. हुद्दा नसेल तर बरोबरीचा मायना हक्काने वापरता येत नाही आणि अर्जाचा मायना वापरला तर आपण खालचे, हे आपणच लिहून दिल्यासारखे होते. त्या वेळी चिनी पत्र उभ्या ओळींत असे. सम्राटाचा उल्लेख आला की चालू ओळ अर्धवट सोडून नवी सुरू करायची आणि ती बाकीच्या ओळींच्या माथ्यापेक्षा वर चढवायची. हे चुकले तर मजकूर कितीही रास्त असो, तो अपमान ठरे. म्हणून काशगरसारख्या ठिकाणी चिनी लेखनिक हा कॉन्सलनंतरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. मॅकार्टनी यांची आई चिनी, जन्म नानकिंगचा, भाषा घरची. त्यामुळे कराराचा आधार नसतानाही त्यांचे निभावले. दुसऱ्या कोणाचे निभावले असते असे वाटत नाही.

प्रश्न : शिकारपुरी सावकाराने यारकंदच्या शेतकऱ्याला कर्ज दिले आणि ते बुडाले. दावा कुठे आणि कसा चाले?

प्रतिवादी कोण, हे आधी बघायचे. चीनमधल्या ब्रिटिश करारांचे सूत्र असे होते की प्रतिवादी ज्याची प्रजा, त्याचे न्यायालय आणि त्याचाच कायदा. १८७६ च्या चिफू करारात ते स्पष्ट लिहिले गेले, आणि वादीच्या बाजूच्या अधिकाऱ्याला सुनावणीला हजर राहून हरकत नोंदवण्याचा हक्कही दिला गेला. इथे शेतकरी प्रतिवादी, म्हणून दावा अंबानपुढे.

सावकाराने आधी आपला कागद कॉन्सुलेटात आणायचा. मुनशी तीन गोष्टी बघे : कर्जदाराचे नाव आणि गाव पूर्ण आहे का, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे लिहिले आहे का, आणि साक्षीदार स्थानिक आहेत का. साक्षीला दोन्ही शिकारपुरीच असतील तर अंबानच्या लेखी त्या कागदाचे वजन निम्मे. मग मुद्द्याचा गोषवारा चिनीत करून पत्र अंबानकडे किंवा ताओताईकडे जाई. तारीख पडली की कॉन्सलचा माणूस सुनावणीला बसे. वसुली अंबानचे शिपाई आणि गावचे बेग, म्हणजे स्थानिक मुखिया, करत, आणि त्यांचा 'चहापाण्याचा खर्च' कर्जदाराच्याच डोक्यावर पडे.

बहुतेक भानगड व्याजात होई. हप्ता चुकला की मुद्दल अधिक व्याज मिळून नवा कागद, जुना फाडून टाकायचा. दोनतीन वर्षांनी हाती घेतलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. शेतकरी म्हणतो मी इतकेच घेतले, कागद म्हणतो त्याच्या चौपट. शहाणा कॉन्सल असे दावे पुढे पाठवायच्या आधी सावकाराला पहिला कागद आणायला लावी, आणि तो 'हरवला' असेल तर आपसात मिटवायला सांगे. कारण सरळ होते. असा प्रत्येक दावा रेटला तर ताओताईकडची पत खरोखरच्या कामाच्या वेळी शिल्लक राहत नाही. कॉन्सलची पत हे त्याचे भांडवल होते. ते सावकाराच्या व्याजासाठी खर्च करणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

उलट प्रकार, म्हणजे शेतकरी वादी आणि सावकार प्रतिवादी असेल, तर खटला कॉन्सलपुढे चाले. वरचे ब्रिटिश न्यायालय शांघायला होते. काशगरहून तिथे जायला महिने लागत, त्यामुळे कॉन्सलचा शब्द बहुधा शेवटचा ठरे. या अडचणीमुळेच १९२० मध्ये काशगरसाठी वेगळा राजाज्ञा-आदेश काढावा लागला.

प्रश्न : एवढ्या पसरलेल्या मुलखात कोण ब्रिटिश प्रजा, हे कळे कसे?

नोंदवहीवरून. हा सगळा कारभारच त्या वहीवर उभा होता. यारकंद, खोतान अशा गावांत कॉन्सलचा एकेक अक्सकाल असे. शब्दाचा अर्थ 'पांढरी दाढी'. बहुधा तो तिथल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांतलाच वजनदार माणूस असे. आपल्या गावातल्या प्रजाजनांची यादी ठेवणे, किरकोळ भांडणे मिटवणे, कोणी आला, गेला किंवा मेला की काशगरला कळवणे ही त्याची कामे.

बिघाड इथूनच सुरू होई. नोंदीचा दाखला हातात असला की अंबानचे कर आणि वेठ टळे, म्हणून त्याला किंमत होती. आणि जिथे किंमत तिथे विक्री. दाखला घेणाऱ्याचा बाप काश्मिरी होता हे सांगायला चार साक्षीदार बाजारात केव्हाही मिळत. त्यावर उपाय म्हणजे नुसते नाव न लिहिता मूळ गाव, तहसील, तिकडच्या हयात नातेवाइकाचे नाव आणि लेहमार्गे आला की गिलगिटमार्गे, हे लिहून घेणे, आणि संशय आला तर त्याच्या मूळ जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला विचारणे. उत्तराला महिने लागत. तोवर दाखला द्यायचा नाही. कॉन्सल स्वतः फिरतीवर गेला की यादी हातात घेऊन माणसे समोर उभी करायची. मेलेल्यांची नावे तिथेच गळत, कारण मेलेल्याचा दाखला दुसराच कोणी वापरत असे.

खरी गुंतागुंत मुलांची. व्यापारी वर्षानुवर्षे तिथे राहत, स्थानिक बाईशी लग्न करत. मुले बापाची प्रजा की आईची? ब्रिटिश कायदा बापाकडे बोट दाखवे, ताओताई आईकडे. बाप मेला की हा प्रश्न मालमत्तेचा होई. अक्सकालाने दोन साक्षीदारांसमक्ष दुकानाला मोहोर लावायची, मालाची यादी दोन प्रतींत करायची, एक काशगरला धाडायची. मग देणी भागवून, उरलेला माल लिलावात काढून, पैसे वारसांच्या जिल्ह्यात पाठवायचे. दुकानात चरस असेल (यारकंदहून लेहला जाणारा तो मोठा माल होता) तर लिलाव आधी उरकायचा, कारण जुना होईल तसा त्याचा कस उतरतो. आणि घर बायकोच्या नावावर निघाले तर त्याला हात लावता येत नसे. ही युक्ती व्यापाऱ्यांना चांगलीच माहीत होती.

या वहीची एक उजळ बाजूही सांगायला हवी. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरून पकडून यारकंदकडे विकलेल्या गुलामांना सोडवण्याचे काम मॅकार्टनी यांनी १८९० च्या दशकात हाती घेतले. तिथेही पहिला प्रश्न हाच : माणूस मूळचा कुठला?

प्रश्न : डाक कशी चाले? पैसा कसा येई?

सरकारी डाक हरकाऱ्यांच्या पायांवर चाले : श्रीनगर, बुर्झिल खिंड, गिलगिट, हुंझा, मग ४,७०० मीटर उंचीची मिंटाका खिंड, ताशकुरगान, काशगर. हिवाळ्यात बर्फ आणि हिमलोट यांमुळे बुर्झिलवरच थैल्या अडत. लेहकडून येणारा व्यापारी रस्ता आणखी खडतर. त्यावरची काराकोरम खिंड ५,५०० मीटरच्या वर आणि वाटेत घोड्यांना चारा नाही. १८७० च्या काश्मीर करारानंतर त्या रस्त्यावर धान्याची कोठारे आणि सराया ठेवण्याची व्यवस्था झाली, ती याचसाठी. सगळ्यांत झटपट वाट रशियातून होती, कारण १८९९ मध्ये रेल्वे अंदिजानला पोचली. पण गुप्त कागद प्रतिस्पर्ध्याच्या डाकेत कोण टाकणार? चिनी तारेवरून संदेश जाई, तो सांकेतिक लिपीत. खलित्यांना दर वर्षी एकपासून अनुक्रमांक देत. बाविसाव्यानंतर चोविसावा आला की मधला वाटेत राहिला, हे सिमल्याला आपोआप कळे.

पैशाचे थोडक्यात. पगार रुपयांत आणि खर्च स्थानिक चांदीत. मोठे चलन यांबू, म्हणजे खुराच्या आकाराची ५० सर वजनाची, पावणेदोन किलोच्या वर भरणारी चांदीची लगड. ती डोंगर ओलांडून आणण्यात शहाणपणा नव्हता. व्यापाऱ्याला नफा हिंदुस्थानात पाठवायचा असे, त्याच्याकडून इथे चांदी घ्यायची आणि हिंदुस्थानातल्या खजिन्यावर हुंडी द्यायची, यात दोघांचीही सोय. पुढे प्रांताच्या कागदी नोटा घसरत गेल्या, तसा हुंडीचा भाव रोज नव्याने ठरवावा लागू लागला.

प्रश्न : हे सगळे संपले कधी?

जानेवारी १९४३ च्या करारात ब्रिटनने चीनमधला आपला वेगळा न्यायाधिकार सोडला, आणि कॉन्सलचे न्यायालय गेले. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर वहीतली बहुतेक नावे ब्रिटनच्या जबाबदारीतून बाहेर पडली. शेवटचे ब्रिटिश कॉन्सल जनरल, गिर्यारोहक एरिक शिप्टन, १९४८ मध्ये निघाले. भारताने मात्र काशगरला आपला कॉन्सल जनरल नेमला. ते होते राम साठे, पुढे भारताचे परराष्ट्र सचिव झाले ते. काशगर, यारकंदमध्ये अजून राहत असलेल्या भारतीय व्यापाऱ्यांचे प्रश्न आता त्यांच्या टेबलावर आले, फक्त या वेळी हातात न्यायालय नव्हते.