दात कशाने घासता?

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्याची उत्तरे

प्रश्न : मॅडम, मला पाचवा महिना चालू आहे. लग्न होऊन आले तेव्हा दाढ दुखायची, तर सासूबाईंनी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायला दिली. बरं वाटलं. आता सकाळी, दुपारी जेवल्यावर आणि झोपताना लावावीच लागते. नाही लावली तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणतात, भाजल्यावर तंबाखूचा जोर जातो. हे खरं आहे का? बाळाला काही होईल का?
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. भाजल्याने जोर जात नाही. माझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. घरभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरं अंगणात पळायचो. आजीसकट कुणालाच ते व्यसन वाटलं नाही, कारण मशेरीला आपल्याकडे दात घासायची पूड म्हणतात. पण निकोटिन त्या पुडीत उरतंच, आणि हिरड्यांतून रक्तात जातं. ते नसतं, तर तुला दिवसातून तीनदा तलफ आली नसती. दाढेचा ठणका काही वेळ दबतो, कीड मात्र आत चालू राहते.

आता बाळाचं. संशोधक प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांची पाहणी केली होती. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्मतात, आणि त्या काठावर एवढं वजनही फार मोलाचं असतं. घाबरवायला हे लिहीत नाही. बाळाचं बरंचसं वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, म्हणून आज सोडलीस तर उशीर झालेला नाही.

एक दिवस ठरव आणि त्या दिवसापासून ब्रश-पेस्ट हातात घे. पहिला आठवडा जड जाईल. चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप उडेल. तीन-चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. पोटाची तक्रार खरी आहे. निकोटिनमुळे आतडी हलतात आणि शरीराला त्याची सवय लागते. उठल्यावर कोमट पाणी, दिवसभर भरपूर पाणी, पालेभाजी, फळं, थोडं चालणं, एवढ्याने बहुतेकींची गाडी रुळावर येते. नाहीच आली तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांग, संकोच करू नकोस. निकोटिनचा च्युइंगगम आपल्या मनाने मुळीच घ्यायचा नाही. तलफ आली की १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन कर. ही सरकारची मोफत मदतवाहिनी आहे.

आणि दाढ आत्ताच दाखव. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचाराला सगळ्यात सोयीचा असतो. बाळंतपणानंतर बघू म्हणून थांबशील, तर दुखणं परत मशेरीच्या डबीकडेच नेईल.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी तुला दिली ती मायेनेच, त्यांनाही कुणीतरी अशीच दिली असणार. 'बाळ होईपर्यंत डबी माझ्या नजरेआड ठेवा' एवढंच सांग. दाढ दाखवायला जाशील तेव्हा त्यांनाही सोबत ने आणि त्यांचंही तोंड तपासून घे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या फाटकासमोरच टपरी आहे. सातवीतली मुलं तिथून तंबाखूच्या पुड्या घेतात. टपरीवाला गावातलाच, म्हणून कुणी बोलत नाही. काय करावं?
– एक शिक्षक, जि. लातूर

उत्तर : सर, २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. या कायद्यातला दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंत आहे, त्याला कुणी भीत नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा. त्याची प्रत पोलीस ठाण्यात आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला द्या, पोच घ्या. तक्रार एकट्या शिक्षकाच्या नावाने नको, गावात राहायचं तुम्हाला आहे. पुडीत गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनालाही कळवा. राज्यात त्यावर २०१२ पासून बंदी आहे.

प्रश्न : मी आशा ताई आहे. सर्वेक्षणात तंबाखूचा प्रश्न विचारला की बायका सरळ 'नाही' म्हणतात. मला माहीत असतं, लावतात. आणि नुसतं सांगून कुणी सोडतं का? आम्ही उगाच दारोदार फिरतो असं वाटतं.
– एक आशा, ता. जुन्नर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी नवीन असताना एका पाहणीसाठी गावात गेले होते. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर बायकांपुढे 'नाही, नाही, नाही'. संध्याकाळी एका आजींचं तोंड बघितलं तर दात काळे, हिरडीलगत पांढरा चट्टा. विचारलं तर म्हणाल्या, "तंबाखू नाय बाई, नुसती मशेरी." आजी खोटं बोलत नव्हत्या, माझा प्रश्नच चुकला होता. दुसऱ्या दिवसापासून मी 'दात कशाने घासता?' असं विचारू लागले, आणि आदल्या दिवशीची सगळी घरं पुन्हा फिरले.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरताना आढळल्या, आणि धूम्रपान करणाऱ्या फक्त १.४ टक्के. म्हणजे आपल्या बायकांचा तंबाखू सिगारेटच्या फलकांवर दिसतच नाही. तो मोरीतल्या फळीवर, डबीत असतो. तिथपर्यंत तुमच्याशिवाय कोण पोचतं?

सांगून सोडतात का, याचं उत्तर जुनं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य फली मेहता आणि संशोधक प्रकाश गुप्ता यांच्या गटाने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार गावकऱ्यांना वर्षानुवर्षं समजावलं, त्यांची तोंडं तपासली. सोडणारे वाढले आणि कर्करोगाआधीचे पांढरे चट्टे नव्याने उठण्याचं प्रमाण घटलं. सगळ्यांनी सोडली नाही, आणि एका भेटीत तर नाहीच. पण वारंवार सांगितल्याचा गुण आला.

बघण्याचाही येतो. तिरुवनंतपुरममध्ये १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. यंत्र नव्हतं, डोळे आणि उजेड होता.

म्हणून 'नाही' लिहिण्याआधी एकदा तोंड उघडायला सांगा. दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडांना, जिभेखाली आणि खालच्या ओठाच्या मागे बघा, मशेरी तिथेच साठते. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ दिसली, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठवा, शक्य असेल तर स्वतः घेऊन जा. टॉर्च नसेल तर बाईला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा.