जुनी जीप घ्यावी का?

प्रश्न : गगनबावड्याजवळ शेत आहे. २५ वर्षांची महिंद्राची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप मिळते आहे. घरीच दुरुस्ती करत वापरता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत असेल तर जरूर घ्या. इंजिनाचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होऊन जातं. सडलेली चेसिस मात्र पैसे गिळत राहते. तुमच्याकडच्या पावसात गंज आतून धरतो. गाडीखाली झोपा आणि स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरपाशी हातोडीनं ठोकून बघा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला, पापुद्रे सुटले, तर सोडून द्या. ताजा काळा रंग असेल तर खरवडायला लाजू नका.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग सैल. तरीही राहिला तर किंगपिनचं (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचं) गेलं.

डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ऑइल, सील बदलणं घरी जमतं. फक्त आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का पाहा, मगच खालचा खोला; नाहीतर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. डिझेल पंपाला मात्र घरी हात लावू नका.

१५ वर्षांनंतर आरसीचं (गाडीच्या नोंदणीचं) नूतनीकरण ५-५ वर्षांनीच होतं; मुदत आणि चेसिस नंबर ताडूनच इसार द्या.