शिक्षकांच्या मूल्य-प्रशिक्षणात दोन दिवस नेमकं काय घ्यावं?

कोपरखैरण्यातल्या तुमच्या शाळेत २८ शिक्षकांचं दोन दिवसांचं मूल्य-प्रशिक्षण आहे आणि वक्ता कोण बोलवावा, मूल्यं कोणती घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय.

वक्ता नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. समता चांगली असते हे शिक्षकांना ठाऊकच असतं. अडतं ते वर्गात. भाग संपवायचा असतो, तासाची पाच मिनिटं उरलेली असतात आणि तेवढ्यात तोंडातून एखादं वाक्य निसटतं. सराव त्या वाक्याचा हवा.

दहा मूल्यांचे तक्ते नकोत, एकच मूल्य घ्या. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते, त्यातली ‘संधीची समानता’ मी निवडेन, कारण ती मोजता येते.

मोजणी प्रशिक्षणाच्या आठवडाभर आधी करा. दोघा-दोघांच्या जोड्या लावा. एकाने दुसऱ्याच्या तासाला २० मिनिटं मागे बसायचं आणि बाकांचा नकाशा काढून, ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या जागी खूण करायची, ज्याला रागावलं तिथे गोल. फळा कोणी पुसला, खडू आणायला कोण गेलं, केर कोणी काढला, हेही लिहायचं. खुणा बहुधा पुढच्या बाकांवर आणि मधल्या रांगेत साचतात. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतात तेही मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबलं की एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

पहिला दिवस हे कागद वाचण्यात जाऊ द्या. त्यातच अर्धा तास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ला द्या. शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही त्यात मनाई आहे, आणि हा दुसरा भाग चर्चेत हमखास सुटतो.

दुसरा दिवस पूर्ण सरावाचा. तिघांचा गट करा: शिक्षक, मूल, निरीक्षक. उरलेला एक जण एखाद्या गटात दुसरा निरीक्षक होईल. चार-चार मिनिटांनी भूमिका बदलायच्या, शेवटी तीन मिनिटं बोलायचं. म्हणजे एका प्रसंगाला १५ मिनिटं आणि दीड तासात सहा प्रसंग. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे.

प्रसंग आपल्याच वर्गातले घ्या. गृहपाठ झालेला नाही, आई पहाटेच तुर्भ्याच्या मार्केटात कामाला गेलेली. “घरी कुणी लक्ष देत नाही का तुझ्याकडे?” हे सगळ्या वर्गाला ऐकू जातं. त्याऐवजी बाकापाशी जाऊन हळू आवाजात, “कुठपर्यंत जमलं? पहिलं गणित आत्ता इथेच करू.” कानडी किंवा हिंदी बोलणारं मूल मराठीत अडखळलं तर, “तुझ्या भाषेत सांग, मग आपण मिळून मराठीत म्हणू.” ही वाक्यं प्रत्येकाने मोठ्याने म्हणावीत. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी ओठांवर येत नाही.

इथे बिघडतं असं की मुलाची भूमिका करणारा शिक्षक नक्कल करू लागतो, हशा पिकतो आणि सराव संपतो. म्हणून त्याला एक चिठ्ठी द्या आणि तिच्यावर मुलाने लपवायची एक गोष्ट लिहा: ‘वही धाकट्या भावाने फाडली, पण हे सांगायचं नाही.’ मग ते पात्र आपोआप गंभीर होतं.

मुख्याध्यापकांनीही गटात बसून मुलाची भूमिका करावी. खुणांचे कागद मात्र त्यांच्याकडे जाऊ देऊ नका, ते ज्याचे त्याच्याकडेच राहू देत. शिक्षकांच्या कामावरच्या गोपनीय अहवालाशी संबंध आहे अशी शंका जरी आली, तरी पुढचा तास दाखवण्यापुरता होईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. तुमच्या दोन दिवसांचे जेमतेम १२ भरतील, तेव्हा पुढचे सहा आठवडे आधीच ठरवून ठेवा. दोन सत्रांच्या शाळेत सकाळचे आणि दुपारचे शिक्षक सहसा एकत्र भेटत नाहीत, त्यामुळे प्रत्येक सत्राची वेगळी २० मिनिटं आठवड्यातून एकदा वेळापत्रकातच घाला. दर आठवड्याला एकच वाक्य वापरून पाहायचं. सातव्या आठवड्यात त्याच जोडीदाराने, त्याच विषयाच्या तासाला पुन्हा खुणा कराव्यात आणि एकही खूण नसलेली मुलं किती उरली, तेवढं मोजावं.