आधी माठात डोकावून बघ

अगं, देणगीदार मिळाला म्हणून लगेच वस्तीत पाणी शुद्ध करायची आरओ मशीन वाटायला निघू नकोस. इंदूरला नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी येतं, ते क्षारांनी फारसं जड नसतं. आरओ त्यातलं बरंच पाणी मोरीत सोडून देतं. जिथे नळ एक दिवसाआड येतो, तिथे हे कुणाला परवडणार? बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोज. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओचा विषय सोडून दे. मात्र टीडीएसचा आकडा जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी एचटूएस बाटली, म्हणजे जंतू तपासायची चाचणीची बाटली, घे. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याचा संसर्ग असण्याची दाट शक्यता.

नळाचं पाणी आणि माठातलं पाणी, दोन्ही तपास. माझं पहिलं वर्ष नळाला दोष देण्यातच गेलं. खरा घोळ निघाला पेला बुडवणाऱ्या हातांत! तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं, वर घट्ट झाकण, एवढ्यानंही फरक पडतो.

पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी फडक्यातून गाळायला सांग, मगच क्लोरीन, आणि त्यानंतर अर्धा तास थांबायचं. वासाची तक्रार येईलच. झाकण थोडा वेळ किंचित उघडं ठेवलं की वास उडतो. गॅस पुरत असेल तर खळखळून एक मिनिट उकळलेलं उत्तम, पण रोज जमेल का ते घरातल्या बाईलाच विचार. आणि पंधरा दिवसांनी त्या घरांत परत जा, न कळवता.