आकाशकंदील का बंद करायला लावला?

*ताई, आम्ही मूळचे डोंबिवलीचे, एकोणीस वर्षं कॅनडात, मिसिसागात आहोत. मुलगा २५ वर्षांचा. आईस हॉकी खेळतो, पण एनएचएल या सर्वांत वरच्या लीगमध्ये नाही, दोन पायऱ्या खाली, ईसीएचएलमध्ये. आठवड्याला जेमतेम सहाशे डॉलर मिळतात. रात्र रात्र बसने प्रवास. बरोबरीची मुलं इंजिनिअर होऊन स्वतःच्या घरात राहायला गेली. हे म्हणतात, खेळू दे. मी काही सांगायला गेले की तो अंगावर येतो, पूर्वी असा नव्हता. नाताळात दोन दिवस आला तर धड बोलला नाही, खिडकीत राहिलेला दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा बंद करायला लावला, अंधारातच वरणभात जेवला. त्याला हॉकी सोडायला कशी पटवू?*
*– एक आई*

पगार, बस, दुसऱ्यांच्या मुलांची घरं, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. आकाशकंदिलाला मात्र अर्धं वाक्य. मी त्या अर्ध्या वाक्यावरच अडकले आहे.

कागदाच्या आड लावलेल्या दिव्याचा उजेड तो केवढा! तोही ज्याला सोसवत नाही, जो अंधारात जेवतो आणि हल्ली लगेच चिडतो, त्याच्या वागण्याचा तुम्हाला राग आला. मला धडकी भरली. मी डॉक्टर नाही, पण उजेड आणि आवाज न सोसणं, चिडचिड, झोपेचं तंत्र बिघडणं ही डोक्याला बसलेल्या माराची, कन्कशनची लक्षणं असतात. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. नारळ शाबूत असला तरी आतलं पाणी हिंदकळतं ना, तसं. साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तर पोरं लपवू शकतात.

लपवतात का? ऑक्टोबर ते एप्रिल ७२ मॅचेस, आणि तुमची जागा घ्यायला कोणीतरी कायम तयार. आज बाहेर बसलो तर उद्या एक पायरी वरच्या एएचएल लीगमधून बोलावणं आलं तेव्हा आपण नसू, ही धास्ती. जॉर्डन बिनिंग्टन हा गोलकीपर याच ईसीएचएलमध्ये खेळून गेला आणि २०१९ साली त्याने सेंट लुईस ब्लूज या टीमबरोबर एनएचएलचा स्टॅनली कप उचलला. अशी नावं तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. त्यांच्या जोरावर ती सहाशे डॉलरमध्ये राहतात आणि दुखणं गिळतात. बरं, घरी सांगायची सोयही तुम्ही ठेवली नाहीत. ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की ‘मग सोड ते हॉकी’ हेच ऐकायला मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि ‘खेळू दे’ म्हणून मोकळे झालेले त्याचे बाबा त्या जेवणाला समोरच होते ना? त्यांनीही विचारलं नाही.

तुमच्याच ओंटारिओ प्रांतातली रोवन स्ट्रिंगर, सतरा वर्षांची, रग्बी खेळायची. २०१३ साली काही दिवसांच्या आत डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आणि ती गेली. त्रास होतोय हे तिने मैत्रिणींना कळवलं होतं, आईवडिलांना नाही. खेळातल्या कन्कशनबद्दल तिच्या नावाचा कायदा तुमच्या प्रांताने २०१८ मध्ये केला. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसणं किती घातक असतं, हे त्या घराने सोसलंय.

त्याने हॉकी सोडावं की नाही, यावर मी आज एक अक्षर बोलणार नाही, आणि तुम्हीही बोलायचं नाही. आज रात्री त्याला फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: ‘बाळा, डोक्याला कधी लागलं?’ मग गप्प बसायचं. तो ‘काही नाही गं’ म्हणेल. तरी गप्पच बसा. थोड्या वेळाने कंदिलाची आठवण काढा.

बोलला, तर त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घ्या: उद्या सकाळी टीमच्या ट्रेनरला सांगायचं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बर्फावर उतरायचं नाही. जागा जाईल म्हणाला, तर खेळाडूंची युनियन आहे, प्रोफेशनल हॉकी प्लेअर्स असोसिएशन. १९६७ पासून आहे, ऑफिस ओंटारिओतच आहे. तिला फोन लाव म्हणावं. आणि डोकेदुखी वाढतेय, सारख्या उलट्या होतायत, तोल जातोय असं काही कळलं, तर सकाळची वाटसुद्धा बघायची नाही, तडक इमर्जन्सीत.

व्हिडिओ कॉल मात्र करू नका. साधा फोन करा, स्क्रीनचा उजेडही त्याच्या डोळ्यांना बोचत असेल.