माळ्यावर दहा तारांचं, चार पायांचं आणि खाली पेडल असलेलं जुनं वाद्य सापडलं. हे काय आहे आणि दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की जड पेटीत लाकडी, चौकोनी वाद्य निघालं, काही तारा तुटल्यात, पाय सुटे आहेत, तीन पेडलांची पट्टी आहे, नाव कुठेच नाही आणि पेडल दाबलं तर हलत नाही. ही पेडल स्टील गिटार आहे. हवाईयन गिटारचं हे पुढचं रूप. फ्रेटच्या, म्हणजे तारांखालच्या आडव्या, रेघा नुसत्या खुणा असतात. तारा खाली न दाबता वरून स्टीलचा गोल दांडा सरकवायचा आणि स्वर घुमत असतानाच पायाने पेडल दाबून किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलून ठरावीक तारांचा स्वर चढवायचा-उतरवायचा.

होईल दुरुस्त. फक्त आधी पॉलिश करायला घेऊ नका, लाकूड तर अजिबात घासू नका.

जाड कांबळ्यावर, खुंट्यांवर भार येणार नाही अशा बेताने ते उलटं ठेवा. याची खरी ओळख पोटात असते. काहीही खोलण्याआधी प्रत्येक रॉडचा (पेडलची ओढ तारांपर्यंत नेणारी सळई), प्रत्येक स्प्रिंगचा फोटो काढा. कोणता रॉड कोणत्या भोकात होता हे नंतर आठवत नाही. रॉडऐवजी वायर आणि पुली दिसल्या तर फेंडर कंपनीचा विचार करा, पण त्यांच्या प्रसिद्ध ४०० मॉडेलला आठच तारा असतात. फ्रेटबोर्डवर पत्त्यांची चिन्हं, म्हणजे बदाम, इस्पिक, चौकट, किलवर असतील तर शो-बड कंपनीचं असण्याची दाट शक्यता. एमन्स ही पेडल स्टील बनवणारी कंपनी १९६३ची. तिच्या जुन्या वाद्यांत स्वर चढवताना रॉड ओढला जातो आणि उतरवताना ढकलला जातो. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या विजेच्या भागाच्या, पाठीवरचा आकडाही वाचा. उदाहरणार्थ १३७६६३३ : १३७ म्हणजे सीटीएस हा कारखाना, ६६ साल, ३३वा आठवडा. पॉट मागाहून बदललेला नसेल तर वाद्य त्याआधीचं नाही.

यंत्रणा ओळखणं एवढं महत्त्वाचं का, तर सूर लावायची पद्धत तिच्यावर ठरते. बहुतेक वाद्यांत मोकळी तार खुंटीवर लावायची, मग पेडल दाबून चढलेला स्वर टोकाच्या नायलॉनच्या नटाने जुळवायचा. शिकाऊंसाठीच्या काही जुन्या वाद्यांत नेमकं उलट असतं: पेडल दाबून चढलेला स्वर खुंटीवर, आणि सोडल्यावर मोकळा स्वर स्क्रूने. मी पहिल्या वाद्यावर हे न पाहता तीन संध्याकाळी झगडलो आणि दोन तारा तोडल्या.

आता अडकलेलं पेडल. जोर लावू नका. बहुतेक वेळा दोष सुकलेल्या तेलाचा असतो. ज्या धातूच्या बोटांवरून तारा वळतात त्या भागाला चेंजर म्हणतात. माझ्याकडच्या वाद्यात त्या बोटांच्या फटींत मधासारखा पिवळा, कडक थर बसला होता. नॅफ्थाचे (पेट्रोलसारखं द्रावक) थेंब सोडायचे, थोडं थांबायचं, बोट हाताने हळूच हलवायचं. तिसऱ्या खेपेला एक बोट हललं, आणि सोडताच स्प्रिंगने ते टक् करून जागेवर आलं. सगळी बोटं सुटेपर्यंत एक पूर्ण दिवस गेला. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. थिनर आणि ॲसिटोन दूरच ठेवा, लाकडावरचा लॅकर विरघळतो. नंतर शिवणयंत्राच्या तेलाचा प्रत्येकी एक थेंब पुरे. गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून मारू नका, त्याचा पुन्हा चिकटा होतो.

बोटांच्या माथ्यावर तारांनी खाचा पाडल्या असतील तर तारा तिथेच तुटतात. अगदी बारीक पॉलिश पेपरने त्या नितळ करा. दुसऱ्या टोकाच्या रोलर मोकळ्या फिरायला हव्यात. पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारी गुंडाळी, मल्टिमीटरवर तपासा: बऱ्याच पिकअपचा रोध १५ ते २० किलोओमच्या आसपास येतो. आकडाच आला नाही तर आतली तार तुटलीय. ती पुन्हा गुंडाळून मिळते, पिकअप फेकू नका.

शेवटी तारा. दहा तारा आणि तीन पेडल म्हणजे बहुधा ई-नाइन ही सूर लावण्याची पद्धत. वाजवणाऱ्यापासून सर्वांत दूरची तार पहिली: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. तिसरी फक्त ०.०११ इंचाची असते आणि सर्वांत आधी तीच तुटते, म्हणून दोन-तीन जास्तीच्या घ्या. एक पेडल ५ आणि १० नंबरच्या बीला सी शार्पवर नेतं, शेजारचं ३ आणि ६च्या जी शार्पला एवर. सूर लागले की तिसरी, चौथी, पाचवी एकत्र छेडा. ई मेजर हा स्वरमेळ (कॉर्ड) येईल. ती घुमत असताना ही दोन्ही पेडलं सावकाश दाबा. मधली ई जागेवर राहते, तिच्या दोन्ही बाजूंचे स्वर वर सरकतात आणि ए मेजर उमटतो.